भरवता कसं, हे कुणी विचारलंच नाही

“सेरेब्रल पाल्सी,” डॉक्टर म्हणाले. एमआरआयची फिल्म त्यांनी उजेडासमोर धरली होती आणि ते त्या फिल्मशीच बोलत होते. आमची रेवा माझ्या बायकोच्या, स्नेहलच्या मांडीवर होती. तिची मान नेहमीसारखी एका बाजूला कलली होती. “फिजिओथेरपी चालू करा. नियमित करा. चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.” एवढं सांगून त्यांनी बेल वाजवली. आम्ही उठायच्या आत पुढचं कुटुंब दारात उभं होतं.

बाहेर आल्यावर स्नेहलनं विचारलं, “म्हणजे काय?”

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. शब्दांचे अर्थ शोधणं हा माझा रोजचा उद्योग आहे. पण माझ्या मुलीच्या आजाराचा अर्थ मला दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून मोबाइलवर शोधावा लागला. ज्यानं तो शब्द उच्चारला, तो माणूस एका भिंतीपलीकडे बसला होता.

ज्यांना हा शब्द नुकताच ऐकायला मिळाला आहे, त्यांच्यासाठी मी तो सावकाश सांगतो. मेंदूच्या ज्या भागातून स्नायूंना हुकूम जातात, त्या भागाला जन्माआधी, जन्मताना किंवा अगदी लहानपणी इजा झालेली असते. ती इजा वाढत नाही, पण पुरती भरूनही येत नाही. रेवा जन्मली तेव्हा लगेच रडली नव्हती. तिला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं होतं. मेंदूला प्राणवायू कमी पडला तो तेव्हाच.

आणि स्नायू म्हणजे फक्त हातपाय नव्हेत. ओठ, जीभ, जबडा, घसा हेही स्नायूंवरच चालतात. म्हणजे गिळणंसुद्धा. हे एवढं वाक्य मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं, तर आज मी हे लिहीत बसलो नसतो.

बाकी सांगणारे पुष्कळ होते. स्नेहलची एक मावशी रेवाला बघायला आली आणि चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत म्हणाली, “ग्रहणात काय चिरलंबिरलं हुतंस काय गं?”

“ग्रहणात मी शाळेत पेपर तपासत होते, मावशी,” स्नेहल म्हणाली. “त्या पोरांचं तर काही वाकडं झालं नाही.”

मावशीनं चहा संपवला आणि ती गेली. मला मात्र तिच्यापेक्षा शिकलेल्या माणसांचा राग जास्त येतो. तिला माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं.

फिजिओथेरपीच्या हॉलबाहेर बाकं होती. चंदगडहून पहाटेची एसटी धरून एक आई यायची, पोराला पदरात गुंडाळून. कागलचे, उचगावचे लोक असायचे. सगळ्यांचा एकमेकांना एकच प्रश्न: “काय म्हणत्यात? चालंल का?” आत डॉक्टरही पायच तपासायचे. टाच टेकते का, गुडघा सरळ होतो का. त्या हॉलमध्ये मी कितीतरी महिने बसलो. मूल जेवतं कसं, असं तिथं एकदाही कुणी विचारलं नाही.

रेवाचं जेवण म्हणजे घरातली सगळ्यात लांबलेली गोष्ट होती. तिच्या जिभेनं घास बाहेर यायचा, तो पुन्हा आत सारायचा. दूध त्यातल्या त्यात सोपं. स्नेहलचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, उचगावात म्हशी पाळून आहेत. ते रोज किटलीतून धारेचं दूध आणायचे. हे शहरच असं आहे, की संध्याकाळी कट्ट्यावर म्हशीची धार थेट ग्लासात घेऊन माणसं उभ्या उभ्या पितात आणि मिशीवरचा फेस पुसत घरी जातात. इथं अशक्तपणाला दुसरं औषध कुणी मानत नाही.

“पोरीच्या अंगात ताकद आली की मान आपसूक धरंल बघा,” आबा म्हणायचे. ते पाय पसरून बसायचे, रेवाला पायांवर आडवी घ्यायचे, तिची मान मागं कलती करायचे आणि बोंडल्यानं दूध तोंडात सोडायचे. आमच्याकडे लेकरं पिढ्यान्‌पिढ्या अशीच वाढली. मी असाच वाढलो. स्नेहल असंच भरवायची, मीही असंच भरवायचो, कारण दुसरी काही पद्धत असते हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं.

दूध पिऊन झालं की रेवाचा आवाज ओला व्हायचा, घशात पाणी साचल्यासारखा. डोळ्यांत पाणी यायचं. मग काही दिवसांनी ताप, छातीत घरघर, नेब्युलायझरचा मास्क, सलाइन. न्यूमोनिया. बरं होऊन घरी यायचं आणि पुन्हा न्यूमोनिया. “ह्या मुलांना होतो असा,” वॉर्डातले डॉक्टर सांगायचे. प्रतिकारशक्ती कमी आहे, खाणंपिणं वाढवा, म्हणायचे. आम्ही वाढवायचो. आबा आणखी मोठी किटली आणायचे.

“ह्या मुलांना” हा शब्दप्रयोग ज्यांनी शोधला, त्यांना मला एकदा भेटायचं आहे. कारण शोधायचं नसलं की मुलालाच कारण करून टाकायचं, अशी ती सोय आहे.

रेवा तीन वर्षांची होऊन गेली होती. अशाच एका न्यूमोनियात आम्ही वॉर्डात होतो. दुपारचं जेवण आलं होतं. नव्यानं रुजू झालेल्या एक डॉक्टर शेजारच्या खाटेवरच्या मुलाला तपासून वळल्या आणि स्नेहलच्या हाताकडे बघत थांबल्या.

“तुम्ही हिला रोज असंच भरवता का?”

“हो.”

“थांबा. मान मागं नको.”

त्यांनी स्वतः रेवाला उचललं, खाटेच्या कोपऱ्यात उशा लावून ताठ बसवलं. पाठ टेकलेली, डोकं मधोमध, हनुवटी किंचित खाली. मग दाटसर मऊ भात अर्धा चमचा दिला आणि त्या थांबल्या. आम्हाला वाटलं, काहीतरी चुकलं. पण त्या फक्त रेवाच्या गळ्याकडे बघत होत्या. गळा हलला. “आता पुढचा,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी शब्द सांगितला: अ‍ॅस्पिरेशन. आणि तो समजावूनही सांगितला. घशात दोन वाटा असतात, एक पोटाकडे जाते आणि एक फुप्फुसाकडे. आपण गिळतो तेव्हा फुप्फुसाची वाट आपोआप मिटते. रेवाची वेळेवर मिटत नव्हती. मान मागं गेली की ती वाट आणखी उघडी राहायची, आणि दूध पातळ, ते धावतच जायचं. “ठसका लागेलच असं नाही,” त्या म्हणाल्या. “काही मुलांचं गुपचूप आत जातं. हे तुम्हाला आधी कुणीच सांगितलं नाही?”



घरी येऊन आम्ही ते सांगितलं, तेव्हा आबा किटलीच्या झाकणाशी चाळा करू लागले. “म्हंजे मी माझ्या नातीच्या छातीत दूध वतत हुतो व्हय?”

“आबा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?” स्नेहलनं विचारलं.

“न्हाय.”

“मग झालं तर.”

झालं नव्हतं. मी पहिल्या डॉक्टरांकडे गेलो. भांडायला नाही, मला भांडता येत नाही. मी फक्त विचारलं, की हे तुम्ही आम्हाला का सांगितलं नाही. त्यांनी चष्मा काढला आणि अगदी मोकळेपणानं सांगितलं, “भरवायचं कसं हे आईला कळतंच की हो. त्यात डॉक्टरनं काय सांगायचं?”

मी उठून आलो. उत्तर मला रंकाळा तळ्याच्या काठानं चालताना सुचलं, ते इथं लिहितो. ज्या लेकराचा घसा काम करतो, त्याला भरवायचं आईला कळतं. ज्याचा करत नाही, त्याला कसं भरवायचं हे शास्त्र आहे, आणि ते तुम्ही शिकला होतात, तिनं नाही. पाय कसे ताणायचे, हे तुम्ही डॉक्टरलोकांनी तिला चित्रं काढून दाखवलंत. पण दिवसातून चार वेळा जी गोष्ट मुलाच्या जिवावर बेतू शकते, ती आईच्या मायेवर सोडून दिलीत. आणि न्यूमोनिया झाला तेव्हा म्हणालात, ह्या मुलांना होतो.

त्यानंतरचे महिने आमच्या घरातले सगळ्यात चांगले होते. आबांनी गावातल्या सुताराकडून कोपऱ्यासारख्या पाठीची खुर्ची करून आणली, दोन्ही बाजूंनी डोक्याला आधार असलेली. दूध बंद झालं नाही, त्याची दाट खीर झाली. आबा चमचा घेऊन समोर बसायचे आणि घास गिळून होईपर्यंत स्वतः श्वास रोखून धरायचे. एकदा एका पाहुण्यानं लाडानं पेढा रेवाच्या तोंडाजवळ नेला. आबा ओरडले, “ओ पावणं! त्यो पेढा खिशात ठेवा. हितं मी हाय.”

रेवाला खायला आवडतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. तोवर जेवण म्हणजे तिच्यासाठी बुडणं होतं. आता ती चमचा दिसला की तोंड उघडायची आणि घशातून एक लांब सूर काढायची. लवकर द्या, असा त्याचा अर्थ होता.

पुढच्या वर्षी तिला पुन्हा न्यूमोनिया झाला. अतिदक्षता विभागाच्या दाराशी डॉक्टर म्हणाले, “फुप्फुसं आधीच फार खराब झाली होती.” ती तिथून परत आली नाही. त्या वाक्यातल्या ‘आधीच’ ह्या शब्दापाशी मी अजून अडकून आहे.

वॉर्डातल्या त्या डॉक्टरांचे मी आभार मानले. त्यांनी ते घेतले नाहीत. म्हणाल्या, “दुसऱ्यांना सांगा.” म्हणून मी सांगतो. सुट्टीच्या दिवशी, ज्या घरात असं लहान मूल आहे आणि मला बोलावतात, तिथं जातो. मी डॉक्टर नाही. मी एवढंच म्हणतो, की पहिल्याच भेटीत विचारा: आमच्या मुलाचं गिळणं तपासलं का? जेवताना आवाज ओला होतो का, डोळे पाणावतात का, छाती वारंवार भरते का, ते बघा. प्रत्येकाचा घसा वेगळा, तेव्हा जाणकाराला दाखवून घ्या. उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका, बेल वाजली तरी.

परवा कागलला गेलो होतो. दीपाली नावाची तरुण आई, तिच्या सासूबाई आणि दोन वर्षांचा श्लोक. तो आजीच्या मांडीवर आडवा होता. आम्ही त्याला उठवून बसवलं. मी दाखवत होतो, तोवर सासूबाईंनी सहज विचारलं, “तुमची लेक आता कशी हाय?”

“गेल्या वर्षी गेली.”

“आगं आई! सुटली म्हणायची बिचारी. तुमी बी सुटलासा.”

रेवा गेली त्या आठवड्यात हाच शब्द मी घरी आलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाकडून ऐकला होता आणि मान हलवली होती. ह्या वेळी हलवता आली नाही.

“मावशी, ती सुटली नाही,” मी म्हणालो. “तिला जेवायला आवडायला लागलं होतं.”

दीपाली मान खाली घालून खीर ढवळत होती. मग ती सासूकडे न बघता म्हणाली, “आत्या, ह्येच्या मानंखाली हात द्या. सरळ. तसं न्हाय, जरा म्होरं.”

सासूबाईंनी हात दिला. दीपालीनं अर्धा चमचा भरवला आणि चमचा खाली घेतला. आम्ही तिघंही त्या पोराच्या गळ्याकडे बघत राहिलो.

गळा हलला. श्लोकनं पुन्हा तोंड उघडलं.