ऑबेदचा शब्द

सायोटो नदीच्या काठावर ऑबेद टॉलिव्हरचा तराफा नसता, तर निम्मं गाव पलीकडेच राहिलं असतं. ऑबेद व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मला, मालकानं मरताना मोकळं केल्यावर ओहायोत येऊन नावाडी बनला. दर वसंतात नवी बिऱ्हाडं यायची, गाई, चरखे, रडकी पोरं घेऊन. त्यांना पार करताना तो मनाशी म्हणायचा, या बाबांनो, या. साठ हजार मोकळी माणसं भरली की वरून नेमलेल्या गव्हर्नराची सद्दी संपणार आणि प्रांताचं राज्य होणार, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं.

शिरगणती आली तेव्हा घरोघर फिरून माणसं लिहिणारा शेजारी जोथम पिल्सबरी ऑबेदकडेच मदत मागायला आला. डोंगरातल्या काळ्यांच्या वस्तीत त्याला कुणी दार उघडेना. आणि का उघडावं? पळालेले गुलाम धरून नेणारे त्या वाटांवर सदा हिंडत असत, मोकळ्यांनाही ते सोडत नसत. ऑबेद स्वतः डोंगर चढून गेला. वस्तीतली म्हातारी केझाया त्याला म्हणाली, "आजवर आम्हाला मोजलं ते गुरांबरोबर. आता आणखी कशाला?"

"हे तसं नाही, केझायामावशी. तुझे लेक मोकळे म्हणून मोजले जातील. उद्या राज्य झालं की मतही देतील. माझा शब्द आहे."

त्या शब्दाखातर दारं उघडली.

पुढं आकडा पुरता भरण्याआधीच राज्याला मंजुरी मिळाली. राज्यघटना लिहायला निवडलेली मंडळी बसली. काळ्यांना मतदानाचा हक्क द्यावा का, यावर मतं समसमान पडली आणि अध्यक्षांनी आपलं मत नकाराच्या पारड्यात टाकलं. जोथमनं हे तराफ्यावर सांगितलं, तेही पाण्याकडे बघत. मग आम्हाला मोजलंत कशाला, असं ऑबेदनं विचारलं, तर काठ लागताच तो उतरून चालू लागला. माणूस वाईट नव्हता. पण गरज सरो, वैद्य मरो, हे चांगली माणसंसुद्धा मुकाट चालू देतात, आणि राग येतो तो त्याचाच.

डोंगरात जाऊन हे सांगायचं ऑबेदला धैर्य होईना. उद्या जाऊ, परवा जाऊ करता करता निवडणुकीचा दिवस उजाडला. सकाळपासून तो गोऱ्या शेजाऱ्यांना मतदानासाठी पार करत होता. दुपारी केझाया खाली उतरली. मागे तिचे दोघे लेक. जानेवारीच्या थंडीत दोघांनी कोट हातावर घेतले होते, धुतलेले शर्ट दिसावेत म्हणून.

ऑबेदनं सगळं सांगितलं. सांगताना त्याला रडू आवरलं नाही. धाकटा खाली मान घालून कोट चढवू लागला, तशी केझायानं त्याचा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "मी जन्मभर लपले, ऑबेद. नाही म्हणायचं असेल तर त्यांनी माझ्या पोरांच्या तोंडावर म्हणावं. आम्हाला पलीकडे ने."

ऑबेदनं त्यांना नेलं. पलीकडच्या काठाला लागल्यावर त्यानं तराफा खुंटाला घट्ट बांधला, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि तोही त्यांच्याबरोबर चालू लागला. अलीकडच्या काठावर जोथम आणि बाकीचे मतदार हाका मारत राहिले.