रोजची एक तक्रार

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नवऱ्याच्या कंपनीने त्याला ओसाकाला पाठवलं आणि त्याच्यामागे मीही गेले. शहराच्या कडेला एका लाकडी घराचा वरचा मजला आम्हाला भाड्याने मिळाला. खाली घरमालक आणि त्यांची बायको राहायचे. मालक सत्तरी ओलांडलेले होते. कोळशाच्या खाणीत इंजिनियर म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले. मी त्यांना आजोबा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला आजी. तिकडेही वयस्कर माणसांना तसंच म्हणतात, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही.

आमची जमीन म्हणजे त्यांचं छत. आमच्याकडे चमचा पडला तरी खाली कळायचं. आणि आमच्याकडे नुसते चमचे पडत नव्हते.

"अरे, आज न जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस. तू भाजीच्या सालांची पिशवी ठेवून आलास!"

"कचरा तो कचरा."

"शेजारणीने दारात परत आणून ठेवलीय. वर चिठ्ठी लावून. वाच आता, तुला येतं ना वाचता!"

तिथे जळणारा आणि न जळणारा कचरा वेगवेगळ्या दिवशी ठेवायचा असतो. असं रोज चालायचं. पुण्यात मी बँकेत होते. दिवसाचा हिशेब जुळल्याशिवाय घरी न जाणारी. बिनपगारी रजा घेऊन आले होते आणि इथे दिवसभर जुळवायला काहीच नव्हतं, मग कचरा जुळवायचे.

एकदा आवाज फारच चढला. दुसऱ्या दिवशी चकल्यांचा डबा घेऊन मी नवऱ्याला पुढे घातलं आणि माफी मागायला खाली गेले. मला तेव्हा जपानी यथातथाच यायचं. अडलं की तो सांगायचा.

"माफी कसली?" आजोबा म्हणाले. "तुमचं सुरू झालं की ही टीव्ही बंद करते."

"खोटं!" आजी म्हणाल्या. "हेच करतात. आणि वर मला विचारतात, आज कोण जिंकलं?"

त्या दिवशी त्यांच्या घरचा नियम कळला. रात्री जेवायला बसलं की प्रत्येकाने दिवसाची एक तक्रार मोठ्याने सांगायची, मग घास घ्यायचा. तीन मुली याच नियमात वाढल्या. तक्रार सापडली नाही तर सूप गरम आहे, बाबा घोरतात, असं काहीही. आजोबा सगळं ऐकून मान डोलवायचे. उपाय केलाच पाहिजे असं नव्हतं. मुली लग्न होऊन गेल्या तरी नियम चालूच होता.

"आता माझ्याकडे एकच विषय उरलाय," असं म्हणून आजींनी नवऱ्याकडे बोट दाखवलं.

हा नियम आला कुठून, असं मी विचारलं. आजोबांनी चकली मोडली, तिचा आवाज ऐकून हसले आणि सांगू लागले. युद्धात ते सैनिक म्हणून मांचुरियात होते. हरल्यावर रशियनांनी त्यांना कैद करून सैबेरियात नेलं आणि दोन हिवाळे कोळशाच्या खाणीत राबवलं. खाणीचं छत पाइनच्या लाकडी टेकूंवर तोललेलं असायचं. वरचा भार वाढला की पाइन लगेच मोडत नाही, आधी बराच वेळ करकरतं.

"रशियन येत नव्हती मला. लाकडाची भाषा समजायची. करकर ऐकली की पळायचं."

परत आल्यावर जपानात ते ज्या खाणीत इंजिनियर होते तिथे लोखंडी टेकू आले. त्यांनीच हिशेब मांडून आणवले. लोखंड जास्त वजन पेलतं. पण ते वाकायच्या आधी काही सांगत नाही. म्हणून लोखंडाच्या रांगेत मधे मधे एखादा पाइनचा टेकू ते ठेवायला लावायचे. "भार घ्यायला लोखंड, बोलायला लाकूड," ते म्हणाले. सैबेरियाबद्दल याहून जास्त ते कधीच बोलले नाहीत.

ओसाकातल्या आमच्या दुसऱ्या हिवाळ्यात नवऱ्याची मुदत आणखी दोन वर्षांनी वाढली. तो घरी आनंदाने सांगत आला, मी "बरं" म्हटलं. त्याच आठवड्यात एका दुपारी पुण्याहून बँकेतल्या मैत्रिणीचा फोन आला होता: रजा वाढणार नाही, हजर हो नाहीतर राजीनामा दे. ते मी त्याला सांगितलं नाही. काय सांगायचं तेच सुचेना. कचऱ्याची पिशवी चुकली तर गुपचूप बदलून यायचे. स्वयंपाक वेळेवर व्हायचा. "आता रुळली ही," असं तो मित्रांना सांगायचा.

एका रविवारी सकाळी घंटा वाजली. दारात आजोबा होते. खालच्या मजल्यावरून यायला कोट आणि टाय घातलेला. आत येऊन बसले आणि नवऱ्याला म्हणाले, "महिनाभर वरून काही ऐकू येत नाही."

नवरा खुश झाला. "हो, तुम्हाला फार त्रास व्हायचा."

"त्रास आता होतोय. मी खाली बसून छत ऐकत असतो. करकर थांबली की दोनच गोष्टी असतात. एकतर भार उतरला, नाहीतर लाकडाचं लोखंड झालं. यातलं काय झालंय, ते बायकोला विचारा."

नवरा मला मराठीत सांगायला लागला आणि अर्ध्यावरच थांबला. माझ्याकडे वळून म्हणाला, "काय झालंय?"

मग मी सुरू झाले. बँक, फोन, रजा, त्याची दोन वर्षं, माझी बँकेतली अकरा वर्षं. तोही चढला. "मला सांगितलं का नाहीस?" "तू विचारलंस का?" आजोबा गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. एक अक्षर कळत नसूनही मान डोलवत होते. थोड्या वेळाने उठले, वाकून नमस्कार केला, बूट घालून खाली गेले. खालचा टीव्ही बंद झालेला आम्हा दोघांनाही ऐकू आला आणि भांडता भांडता आम्हाला हसू फुटलं.

माझी बँकेतली नोकरी गेलीच. पण ती आम्हा दोघांची गेली, माझी एकटीची नाही. पुढे मी जपानी शिकले आणि एका भाजीच्या घाऊक दुकानात अर्धवेळ हिशेब बघू लागले. दोन वर्षांची मुदत पुन्हा वाढली, ती मात्र आम्ही दोघांनी भांडून ठरवली.

दशक संपता संपता आजोबा गेले. मुली आल्या, राहिल्या, आपापल्या घरी परतल्या. त्यानंतर खालून आवाज येईना. जेवणाच्या वेळी आम्ही दोघं कान देऊन बसायचो. भांडं ठेवल्याचा आवाज यायचा, बस.

एका संध्याकाळी मी ठेवणीतली साडी नेसून खाली गेले. आजींच्या समोर बसले आणि म्हटलं, "आजी, आजची तक्रार?"

"काही नाही गं. सगळे किती चांगले वागतात माझ्याशी."

मी चहा केला आणि बसून राहिले. आजींनी घोट घेतला.

"पातळ झालाय," त्या म्हणाल्या. कप खाली ठेवून, "आणि तो माणूस माझा चष्मा कुठे ठेवून गेलाय कोण जाणे. चाळीस वर्षं सांगतेय, वाचून झालं की जागेवर ठेवा. ऐकेल तर शपथ! आणि तो टाय..."

त्यांचा आवाज चढत गेला. वर आमच्याकडचा टीव्ही बंद झाला.