बुधवारच्या सिस्टर

“सांगू नका, करून दाखवा.” असं म्हणून सिस्टर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. समोरचा माणूस गोंधळला की त्यांचे खांदे हलायचे, पण हात काही पुढं यायचे नाहीत.

ठाण्याच्या एका इस्पितळात दर बुधवारी दुपारी त्या हा वर्ग घ्यायच्या. माझ्या बायकोला जो आजार आहे, तो आमच्या शहाडच्या डॉक्टरांनीही फक्त पुस्तकात वाचलेला. मूत्रपिंडावरच्या दोन छोट्या ग्रंथी शरीराला लागणारं संप्रेरक बनवायचंच थांबवतात. रोजच्या गोळ्यांवर माणूस धडधाकट राहतो. ताप आला तर गोळ्या वाढवायच्या. उलट्या सुरू होऊन गोळी पोटात ठरेना, तर घरच्यांनीच मांडीत इंजेक्शन द्यायचं आणि तडक इस्पितळ गाठायचं. ते इंजेक्शन आमच्यासारख्यांना शिकवायचं, एवढ्यासाठी सिस्टरांचा सगळा खटाटोप.

चष्मा कपाळावर ठेवून तोच टेबलभर शोधणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सिस्टर त्यातल्या. सराव मोसंबीवर चालायचा. पहिल्या दिवशी मी सुई इतकी हळू टोचली की त्या म्हणाल्या, “मोसंबीला गुदगुल्या नका करू हो.” बायको कित्येक महिन्यांनी हसली ती तेव्हा. वर्ग सुटला की टोचलेल्या मोसंब्या त्या स्वतः पिशवीत भरून न्यायच्या, चुकून कुणी खायला नको म्हणून.

वर्गाला एक मावशी यायच्या, घोडबंदर रोडच्या पार पलीकडच्या, खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला हाच आजार होता. मावशींना वाचता येत नव्हतं, म्हणून सिस्टरांनी त्यांना प्रत्येक पायरी चित्र काढून दिली होती. जन्मभर मासळी कापलेला हात, पण पोरीची मांडी डोळ्यासमोर आली की मावशी सुई खाली ठेवायच्या. “माज्यानं नाय व्हनार, बाय.”

“पुढच्या बुधवारी होईल,” सिस्टर म्हणायच्या. असे बरेच बुधवार गेले. मग एकदा मावशींनी कुपीतली पावडर पाण्यात विरघळवली, सिरिंजमधली हवा काढली आणि एका दमात मोसंबीत सुई टोचली. सिस्टरांनी पाठीमागचे हात सोडले आणि त्यांना मिठीच मारली.

पुढं पावसाळा सरता सरता, वर्ग चालू असतानाच सिस्टरांचा फोन वाजला. मावशी होत्या. पोरीला आदल्या दिवशी ताप होता, गोळ्या वाढवल्या होत्या. सकाळी उलट्या सुरू झाल्याबरोबर इंजेक्शनही दिलं होतं. शेजाऱ्याच्या टेम्पोतून निघाल्या, तर घोडबंदरच्या घाटात टँकर उलटलेला. पुढं रस्ता बंद, मागं गाड्यांची रांग. टेम्पो तासन् तास जागचा हलला नव्हता.

सिस्टरांनी पोरीला आडवं करून पाय उंच ठेवायला सांगितलं. आम्हाला ॲम्ब्युलन्सला, पोलिसांना फोन करायला लावलं. ॲम्ब्युलन्स निघाली आणि तीही अलीकडच्या रांगेत अडकली. इंजेक्शनचा असर काही तासच टिकतो, म्हणून दुसरी कुपी आहे का, विचारलं. नव्हती. तिच्याशी बोलत राहा, असं त्यांनी सांगितलं. मग सांगण्यासारखं काहीच उरलं नाही तेव्हा त्या नुसतं “हो मावशी, मी आहे, ऐकतेय,” म्हणत राहिल्या. वर्गाची वेळ केव्हाच संपली होती, पण कुणी उठलं नाही. पलीकडचा हंबरडा आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

पंधरा-वीस दिवसांनी मावशी पुन्हा वर्गात आल्या. घरात उरलेल्या सिरिंजा कुणाच्या तरी उपयोगी पडाव्यात, म्हणून रुमालात बांधून आणल्या होत्या. गाठोडं टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, “बाय, माजा काय चुकला?”

सिस्टरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं. काय काय केलं ते मावशींनी न विचारताच सगळं सांगितलं. कुपी कशी हलवली, हवा कशी काढली, कुठल्या मांडीत सुई दिली. सिस्टर मान हलवत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “काहीही चुकलं नाही, मावशी. मी असते तरी हेच केलं असतं.”

“मंग पोर का गेली?”

सिस्टर मावशींच्या शेजारी बसल्या आणि आम्हा सगळ्यांदेखत रडल्या.

त्यानंतरही त्यांनी वर्ग घेतले, पण मोसंबीवर विनोद पुन्हा केला नाही. घरात दोन कुप्या ठेवा, एवढं मात्र प्रत्येकाला बजावायच्या. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होऊन कोकणात गावी गेल्या. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. आता औषधाच्या खिडकीवर सूचनांचा एक छापील कागद मिळतो.

गेल्या महिन्यात बायकोला अचानक उलट्या सुरू झाल्या. मी कुपी हातात घेतली आणि सवयीनं सिस्टरांना फोन लावला. हा क्रमांक सेवेत नाही, असं एक बाई आधी मराठीत सांगत होती, मग हिंदीत. तिचं सगळं बोलून होईपर्यंत मी फोन कानाशी धरून उभा होतो. बायको पलंगावरून माझ्याकडे बघत होती. तिनं मांडीवरची साडी आधीच बाजूला केली होती.