प्रज्ञाकडं नेलेली बॅग

घरातलं कुणी परदेशी निघालं की बॅग भरायच्या आधी किस्सेच भरायला लागतात. जाणारा माणूस ते सांगत नाही, कारण बहुतेकांत त्याचीच शोभा झालेली असते. पण आमच्या उचगावच्या गल्लीत आता सगळ्यांना सगळं माहीत झालंय, मग लपवायचं कुणापासून?

आमची प्रज्ञा लग्नानंतर जर्मनीत असते. तिचं पहिलं बाळंतपण, म्हणून आम्हा दोघांना तीन महिने जायचं होतं. मी रिटायर्ड नर्स. आमचे हे फौंड्रीत फोरमन होते. विमान आम्ही दोघांनी खालूनच बघितलेलं.

*

पहिला प्रश्न बॅगेचा. समोरच्या शेटेवहिनी मुलाकडं अमेरिकेला जाऊन आलेल्या. त्यांनी आपली मोठी चाकांची बॅग आनंदानं दिली. घरी आणून पुसायला घेतली, तर आतल्या कप्प्यात विमान कंपनीचा छाप असलेली शाल, तसल्याच छापाचे स्टीलचे चमचे आणि कानात घालायच्या वायरी निघाल्या.

ह्यांनी सगळं टेबलावर मांडलं आणि म्हणाले, "हे तर दुकानच हाय की."

मी ते पेपरात गुंडाळून परत द्यायला गेले. दार नेमकं शेटेअण्णांनी उघडलं. अण्णा म्हणजे कपाळावर भस्माचे पट्टे, सकाळी पूजा झाल्याशिवाय पाणी न पिणारा माणूस. त्यांनी पुडकं तिथंच उंबऱ्यात सोडून बघितलं. मागून वहिनी घाईघाईनं म्हणाल्या की विमानात देतातच ते.

अण्णांनी एक चमचा उचलून उजेडात धरला. "चमचं बी?"

मी तशीच माघारी फिरले. थोड्या वेळानं वहिनींनी गॅलरीतून सांगितलं, बॅग तुम्हालाच राहू दे, मला परत नको.

*

प्रज्ञाला गरम कपडे बघायचे होते, म्हणून तिनं व्हिडिओ कॉल केला. मी एकेक वस्तू उचलून मोबाइलसमोर धरत गेले. स्वेटर झाला, मफलर झाला, मग ह्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या नाडीच्या चड्ड्या आल्या.

"आई, ते खाली ठेव," प्रज्ञा म्हणाली.

मला वाटलं तिला नीट दिसत नाही. मी चड्डी थोडी खाली घेतली, दोन्ही हातांनी ताणून धरली आणि विचारलं, "आता दिसतंय का?"

दिसत होतं. प्रज्ञानं मोबाइल हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला जोडलेला होता. समोर तिची जर्मन घरमालकीण आणि शेजारच्या दोन बायका चहाला बसल्या होत्या. घरमालकीण काहीतरी बोलली. ती काय म्हणाली, असं मी विचारलं. प्रज्ञा सांगायला तयार नव्हती. फारच मागं लागल्यावर म्हणाली, "कापड मजबूत दिसतंय, असं म्हणाली."

तेव्हापासून कॉल आला की हे स्वयंपाकघरातूनच बोलायचे. जर्मनीला जाईपर्यंत मोबाइलवर कुणाला तोंड दाखवलं नाही त्यांनी.

*

मग वजनाचा घोळ. घरात काटा नाही. हे म्हणाले, हायवेच्या कोपऱ्यावर भंगारवाल्याकडं मोठा काटा हाय, त्याच्यावर बघू. भरलेली बॅग ओढत गेले. बॅग काट्यावर, भंगारवाला आकडा बघतोय आणि हे शेजारी उभे, एवढ्यात फौंड्रीतले जुने सहकारी सदाभाऊ स्कूटरवरून चालले होते. त्यांनी बघितलं, मान खाली घातली आणि न थांबता गेले. ह्यांना नवल वाटलं. सदाभाऊ हाक न मारता जाणारा माणूस नव्हे.

संध्याकाळी सदाभाऊ बायकोला घेऊन घरी आले. हातात डझनभर केळी. चहा झाला. शेवटी त्यांची बायको माझा हात धरून हळू आवाजात म्हणाली, "वैनी, आपली मानसं म्हणून इचारतो. घरातलं सामान भंगारात घालायची येळ आली, आणि आमास्नी कळवलं न्हाईसा?"

खरं काय ते त्याच क्षणी सांगायला पाहिजे होतं. पण सदाभाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं. लेकीकडं जर्मनीला चाललोय, हे शब्द ह्यांच्या तोंडून बाहेरच पडेनात.

"न्हाय, तसं काय न्हाय," एवढंच म्हणाले. सदाभाऊंना ते साहजिकच पटलं नाही. जाताना त्यांनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला.

केळी आम्ही खाल्ली. टाकवत नव्हती.

*

बॅग बंद करायच्या आदल्या दिवशी प्रज्ञाचा फोन आला. राग मानू नको, अशी तिनं सुरुवात केली. फोन स्पीकरवर होता आणि हे शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होते.

ती म्हणाली, इथं चार-पाच मराठी घरं आहेत. सगळी चांगली आहेत, एकमेकांकडं जेवायला जातात. आपल्याबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही, मीही कधी सांगितलं नाही. आपल्या आडनावावरून काही कळत नाही.

मग म्हणाली, "बुद्धमूर्ती आणणार असाल तर आणा. फक्त तुमच्या खोलीत राहू दे. हॉलमध्ये नको."

मी बरं म्हणाले. ह्यांनी पितळेची मूर्ती टॉवेलात गुंडाळली आणि बॅगेच्या बरोबर मध्ये, मऊ कपड्यांत ठेवली. मी विहारात नेसायची माझी पांढरी साडी बॅगेतून काढून कपाटात ठेवली.

"का काढलीस?"

"वजन होतंय."

"साडीचं?" ह्यांनी विचारलं.

मी कपाटाकडं तोंड करून उभी राहिले. घड्या पुन्हा पुन्हा नीट करत राहिले.

*

आम्ही पोहोचलो, त्या रविवारी दुपारी प्रज्ञाची मैत्रीण मृदुला आली. तिच्या आईनं कोल्हापुरातून लाडूंचा डबा आमच्यासोबत पाठवला होता, तो न्यायला. बॅग आमच्या खोलीत उघडी पडलेली, म्हणून ती सरळ आतच आली. पोरगी गोड आहे. आल्याआल्या वाकून नमस्कार केला, प्रवासाचं विचारलं. मग तिचं लक्ष खिडकीत ठेवलेल्या मूर्तीकडं गेलं.

"किती सुंदर शोपीस आहे! कुठं मिळाला?"

प्रज्ञा दारात उभी होती. "कोल्हापूरहून आणलाय," ती म्हणाली.

मृदुला म्हणाली, काकू, पुढच्या वेळी असाच एक मलाही आणा. आमच्याकडं दाराजवळ चपलांचं कपाट आहे, त्याच्यावर ठेवायला मला असाच हवा होता.

मी जमिनीकडं बघत लाडूंचा डबा शोधत राहिले. डबा माझ्या हातातच होता.

हे उठले. बाथरूममध्ये जाऊन हातपाय धुऊन आले. खिडकीसमोर टॉवेल अंथरला, मांडी घातली, हात जोडले. घरी रोज म्हणतात तशीच, ना मोठ्यानं ना हळू, वंदना सुरू केली. मृदुलाला काय चाललंय ते कळेना. ती एकदा ह्यांच्याकडं, एकदा प्रज्ञाकडं बघत होती.

प्रज्ञाचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता ही मैत्रिणीला हॉलमध्ये नेईल आणि आमच्या खोलीचं दार ओढून घेईल. तिचा हात दारावरच होता.

तिनं दार सोडलं. जड पोट सांभाळत, पलंगाला धरत ती आत आली आणि वडिलांच्या शेजारी सावकाश खाली बसली. मग मान वळवून मला म्हणाली,

"आई, मेणबत्त्या कुठल्या कप्प्यात ठेवल्यास?"