तिसऱ्या मजल्यावरची पेटी

कामावर पोचले की काका रोज घरी फोन करायचे आणि काकूला विचारायचे, "निघताना मी काय सांगितलं होतं?"

"नळ दुरुस्त करणारा येईल म्हणालात."

"आणि?"

"आणि तो गेल्यावर नळ उघडून बघायचा. आता मी कामाला लागू, की तोंडी परीक्षा अजून बाकी आहे?"

काका एका मोठ्या हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळायचे. प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळच्या कपाटात एक स्विच असे. त्या मजल्यावरच्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या वायरी येऊन मिळतात ती पेटी. तिला नवं फर्मवेअर, म्हणजे ती चालवणारा आतला प्रोग्रॅम, आणि नव्या सेटिंगची फाईल पाठवणं हे त्यांचं काम. पाठवून ते थांबत नसत. गेलेली फाईल पेटीकडून परत मागवायचे आणि मूळ फाईलशी ओळन्ओळ ताडून बघायचे. "पोचली, असं पेटी म्हणते. पेटीचं काय ऐकायचं?"

एका सोमवारी तिसऱ्या मजल्यावरच्या पेटीतल्या नव्या सेटिंग नाहीशा झाल्या आणि जुन्या परत आल्या. वॉर्डातल्या नर्सना रक्ताचे रिपोर्ट दिसेनात. काकांनी फाईल पुन्हा पाठवली, मागवली, ताडली, कपाटाचं कुलूप बदललं. पुढच्या सोमवारी तेच.

काकांखेरीज पासवर्ड आणि दुसरी किल्ली एकाच माणसाकडे होती. काकांचे कामातले जोडीदार, सगळे त्यांना दाढीवाले म्हणत. कित्येक वर्षं दोघं एकाच टेबलावर डबा खात. आता काका डबा खाता खाता त्यांच्याकडे बघू लागले. हे फोन घ्यायला बाहेर का जातात? स्क्रीन भिंतीकडे का वळवतात?

"माणूस गोड बोलायला लागलाय," काका जेवताना म्हणाले.

"आधी कडू बोलायचा?" काकूने विचारलं.

"आधी बोलायचाच नाही."

तिसऱ्यांदा रिपोर्ट अडले तेव्हा साहेबांनी काकांना बोलावलं. "नाव सांगा. आजच घरी बसवतो."

काकांनी नाव सांगितलं.

दाढीवाल्यांच्या एकट्याच्या पगारावर घर चालायचं. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. "मला तिथे पाहिलंत?"

"दुसरं कोण असणार?" काका म्हणाले.

पुढच्या सोमवारी पेटी पुन्हा जुनी झाली. दोन्ही किल्ल्या काकांच्या खिशात होत्या, पासवर्डही बदललेला होता. त्या दिवशी घरी फोन आला नाही, असं काकू सांगते.

काका कपाटासमोर स्टूल टाकून बसले. सोमवारी सकाळी जनरेटरची चाचणी होते, तेव्हा दिवे क्षणभर जातात, हे त्यांना माहीत होतं. या पेटीची बॅटरी मेली आहे आणि तेवढ्यात ती बंद पडून पुन्हा सुरू होते, हे मात्र आता कळलं. त्यांनी फाईल पाठवली, ताडली आणि स्वतःच्या हाताने पेटीची विजेची वायर उपटून परत लावली. सुरू होताच पेटीने काकांच्याच कॉम्प्युटरकडे फाईल मागितली. फर्मवेअर चढवताना ती सोय त्यांनीच करून दिली होती. कॉम्प्युटरवर पेटी जिथून फाईल घेई, त्या जागी त्यांचीच जुनी फाईल पडून होती. नवी ते दरवेळी थेट पेटीत घालत होते. पेटीवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून तिला उलटून पालटून बघितलं. आपल्या कॉम्प्युटरवर संशय घ्यायचं मनातही आलं नव्हतं.

साहेबांना ते म्हणाले, "मी चुकीचं नाव सांगितलं. माझं घ्या." साहेबांनी त्यांची बढती रोखली आणि दाढीवाल्यांना परत बोलावलं. तो निरोप घेऊन काका स्वतः गेले. दाढीवाल्यांनी दार अर्धंच उघडलं.

"आता कसला संशय?"

"फाईल माझी होती."

"परत मागवून बघितली होतीत ना?"

"बघितली होती. माझ्याकडे काय पडलंय ते बघितलं नव्हतं."

दाढीवाले कामावर आले. डबा मात्र बराच काळ खिडकीपाशी, एकटे खायचे. काकांनी त्यांना कधी बोलावलं नाही. पण त्यानंतर एकही फाईल त्यांनी दाढीवाल्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पाठवली नाही.

काका हार्ट ॲटॅकने गेले त्या दिवशी दुपारपर्यंत कामावरच होते. घाम आला म्हणून पाणी प्यायला उठले. उठताना स्क्रीन शेजारी बसलेल्या दाढीवाल्यांकडे वळवून म्हणाले, "मी बघितलंय. तरी तुम्ही एकदा बघा."