देवखेडची सही

भानुदास आखातात, रुवैसच्या रिफायनरीत पाइपफिटर. एका बाजूला समुद्र, बाकी सगळी वाळू. दुबई इतकी लांब की जाऊन यायचं म्हटलं तर आठवड्याची सुट्टी बसमध्येच संपायची. माणूस बोलका, पण ऐकायला कोण? खोलीतला जोडीदार विलास कायमचा घरी गेला, तेव्हापासून समोरची कॉट रिकामी. भानुदास एसीशी बोलायचा म्हटलं तरी खोटं नाही. कामगारांच्या खोल्या बघणाऱ्या कॅम्पबॉसला गळ घालून त्यानं ती कॉट पोरासाठी अडवून ठेवली होती. पोरगा संग्राम, आयटीआय केलेला वेल्डर. फोरमन हमदुल्लानं शब्द दिला होता, "भेज दो बेटे को. इन्शाल्ला हो जाएगा."

कॅन्टीनमध्ये भानुदासचा एक किस्सा ठरलेला. त्याच्या देवखेडात भर बाजारात पाण्याचा पाइप फुटला. दुरुस्तीची मंजुरी मुंबईहून यायची. ती येईपर्यंत लोकांनी पाइप कधीच जोडून टाकला. मग साहेब आले आणि म्हणाले, फुटलेला पाइप दाखवा, त्याशिवाय बिल निघणार नाही. सगळे हसले की भानुदास म्हणायचा, "गावच्या नळाला मुंबईची सही लागते, तिथं कारखाना कुठला येतोय? कारखाने मुंबई-पुण्याला, अन् आम्ही वाळूत."

रविवारी दुपारी संग्रामचा फोन आला.

"अण्णा, तिकीट काढू नका अजून."

"का रे?"

"आपल्या नगरपालिकेला नवे अधिकार मिळालेत. कारखान्यांचे गाळे आता इथंच मंजूर होतात. गावचा कर गावातच खर्च होणार. मला गाळा मिळाला. नव्या पाण्याच्या लाइनचं वेल्डिंगही मिळेल."

"मुंबईला न जाता?"

"मुख्याधिकारी समोरच बसलेले. वर चहा पाजला."

भानुदासला हसू फुटलं. जन्मभर ज्यासाठी बोंब मारली ते झालं होतं. तेवढ्यात नजर समोरच्या कॉटवर गेली आणि तोंडातून निघून गेलं, "गाळा काय पळून जातोय? थोडी वर्षं इकडे ये, मग बघ."

संग्राम म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं. तुमच्या शब्दाबाहेर नाही मी."

एक शब्द टाकला की पोरगा खोलीत आला असता. भानुदासनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला. मुंबईचे साहेबही असेच लांब बसून 'थांबा' म्हणत असतील, असं त्याच्या मनात आलं.

"देवखेडचं मी रुवैसात बसून काय ठरवू? तुझं तू ठरव."

"मग मी राहतो," संग्राम लगेच म्हणाला. इतकं लगेच, की पोरानं थोडा तरी विचार करायला हवा होता, असं बापाला वाटलं.

संध्याकाळी त्यानं हमदुल्लाला कॅन्टीनमध्ये चहाला गाठलं.

"बेटा नहीं आएगा."

"क्यों, गर्मी से डर गया?"

"हमारे शहर में ही काम मिल गया. शहर अब अपना काम खुद मंजूर करता है."

"खलास, बात खत्म. फिर मुँह क्यों लटकाया? खुश हो जा."

"खुश हूँ ना," भानुदास म्हणाला, आणि ते खरंच होतं.

बिनदुधाचा सुलेमानी चहा संपला तरी खोलीवर जायला तो उठेना. रात्रीच्या शिफ्टची वेळ झाली तसा हमदुल्ला उठला, तेव्हा कुठे भानुदासही उठला.