बारी गावात आमचा उपास

देवीची जत्रा, रानफुलं आणि आदिवासी संस्कृती, तिन्ही एका दिवसात, असा मेसेज आमच्या केडगावच्या भजनाच्या ग्रुपवर आला आणि आम्ही चौदाजणी लगेच तयार झालो. सहल नेणारा आमच्या शेजारणीचा जावई. म्हणजे काही चुकलं तर बोलायची सोय नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

नवरात्रात कळसूबाईला जत्रा भरते, पार तिकडे अकोले तालुक्याच्या टोकाला. शिखरावर जायला लोखंडी शिड्या आहेत. त्या आम्ही खालूनच बघितल्या आणि बारी गावातल्या पायथ्याच्या देवळात ओट्या भरल्या. देवी काय, वर आणि खाली एकच, हे आमच्या गुडघ्यांनी एकमतानं ठरवलं. उतारावर सोनकी पिवळीधमक फुललेली. कुणाला फोटोत डोंगर हवा, कुणाला फुलं, शेजारणीला फक्त आपण.

राहिली आदिवासी संस्कृती. ती म्हणजे दुपारचं जेवण, महादेव कोळी समाजातल्या एका बाईच्या घरी. अंगण सारवलेलं, पत्रावळी मांडलेल्या. सहलीची माणसं तिच्याकडे पहिल्यांदाच येत होती. जावयानं तिला सांगून ठेवलेलं, बायका पोटभर जेवल्या तर दर रविवारी बस इथंच थांबेल, नाहीतर धरणाजवळच्या हॉटेलात. हे तिनंच आम्हाला पाणी देताना सांगितलं. हसत सांगितलं, पण हातातला तांब्या खाली ठेवायचा विसरली.

मग वाढायला आली. वाफाळता भात, वालाची आमटी, नाचणीची भाकरी. आम्ही चौदाजणी एकमेकींकडे बघत बसलो. कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि अशा वेळी सगळ्या माझ्याकडेच बघतात.

"अगं बाई, उपास आहे," मी म्हणाले.

"कुनाचा?"

"सगळ्यांचाच. नवरात्र ना."

ती जावयाकडे बघायला लागली. आम्हीही.

"जावईबापू, नऊ दिवस मी घरी काय करते, बघता ना तुम्ही?" शेजारीण म्हणाली.

"फराळ करता की."

खोटं नव्हतं ते. सासरी आला की त्याला साबुदाण्याचे वडे मिळतात, आणि वर जेवणही. उपास म्हणजे जास्तीचं ताट, असाच त्याचा समज.

बाईचा चेहरा मात्र पार उतरला. "मंग तुमी खाता तरी काय?"

"साबुदाणा," कुणीतरी म्हणालं.

"त्यो हितं कुठला?"

"भगर चालते," मी म्हणाले. "भगर म्हणजे वरीचे तांदूळ."

"वरई? अवो, वरई हाय की कनगीभर. आमी रोज तीच खातो. पाहुन्यांम्होरं ती कशी ठिवायची, म्हनून सनाचा तांदूळ काढला."

झालं, आम्ही पदर खोचून तिच्या चुलीभोवती. वरई शिजतेय तोवर भांडण पेटलं. एकीच्यात जिरं चालतं, एकीच्यात नाही. कोथिंबिरीवरून तर दोघी सख्ख्या जावा दिवसभर बोलल्या नाहीत. बाई मिसळणाचा डबा घेऊन उभी.

"हळद?"

"नाही चालत."

"सकाळी देवीला तर व्हायली तुमी."

"देवीला चालते. आम्हाला नाही चालत."

तिनं डबा माझ्या हातात दिला. "तुमीच टाका काय चालतं त्ये. मी निस्ता जाळ घालते."

शेंगदाण्याची आमटी मी केली. वरई घरची, हातानं कांडलेली, जरा तांबूस. इतकी गोड लागली की आम्ही मागून मागून खाल्ली. त्या दिवशीच्या उपासाचं पुण्य काही मिळालं असेल असं मला वाटत नाही. बाई दारात बसून आमच्या पत्रावळींकडे बघत होती. कुणाची रिकामी झाली की तिच्या आधीच कुणीतरी वाढायचं.

आणि तो सणाचा भात? तो ड्रायव्हरनं आणि जावयानं संपवला. म्हणजे आम्ही संपवायला लावला. जावयाला आम्हाला बोलता येत नव्हतं, पण वाढता तर येत होतं. शेजारणीनं हातानं भाकरी वाढली, मी आमटी. नको नको म्हणाला, पण सासरच्या माणसांपुढे त्याचं किती चालणार.

निघताना बसच्या दाराला धरून तो कसाबसा म्हणाला, "ताई, पुढच्या रविवारी नक्की आणतो गाडी."

"आना की. पर खानारी हायेत का उपासाची, आदी इचारा."

"तोवर दसरा होऊन जाईल."

"दसऱ्यानंतर एकादशी असते," मागून आमच्यातलीच एक म्हणाली.

त्यानं पायरीवरच मोबाईल काढला आणि पुढच्या रविवारच्या बायकांना एकेक करून फोन लावायला घेतले.